उजव्या बाजूची माणसं

आमच्या वाद्यचौकडीच्या चार खुर्च्यांपैकी दोन खुर्च्यांची जागा बदलली, एवढंच झालं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? पण रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, आमच्या शहराच्या बुडा भागातल्या टेकडीवरच्या त्या जुन्या सभागृहात, तेर्कामावशींनी माझी खुर्ची उचलून आत सरकवली, आमच्या चेलोवाल्या बार्नाबाशची बाहेरच्या कडेला आणून ठेवली, आणि मला वाद्य उचलून घरी पळून जावंसं वाटलं. तेर्कामावशी तिथल्या रखवालदारीण. घरातल्या सपाता घालून रंगमंचावर फिरतात, कमरेला किल्ल्या, आणि मोठमोठ्या वादकांना शाळेतल्या पोरांसारखं दटावतात. रंगमंचाला नवी जमीन घातली होती, तिच्यावरचं वॉर्निश इतकं ताजं की डोळे चुरचुरत होते. म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. चेलो गुडघ्यांत धरून वाजवतात आणि त्याच्या बुडाशी टोकदार सळई असते, ती जमिनीत रुतवून बसावं लागतं. मावशी म्हणाल्या, नव्या फळ्यांना एक जरी भोक पडलं तर मी इथंच जीव देईन. जुनी फळी एकच उरली होती, उजव्या कडेची, शंभर वर्षांच्या चेलोवाल्यांनी टोचून टोचून चाळण केलेली. "मावशी, मी दोन वर्षं आतच बसतोय," बार्नाबाश म्हणाला. "मग आज बाहेर बस. बाहेर हवा छान आहे." "सळईखाली घालायचा पट्टा असता तर..." "कुठाय पट्टा?" "घरी. दाराच्या मुठीला लटकतोय." "मग दाराशीच जाऊन वाजव, बाळा." एरवी असल्या बोलण्यावर बार्नाबाश खो खो हसतो. अंगानं आडवा, स्वभावानं लोणी, त्याला भांडता येत नाही. त्या दिवशी मात्र हटूनच बसला. तांबडालाल होऊन वाद घालत राहिला, मला आतच बसायचंय, आवाज तिथूनच नीट जातो, आम्हाला तशीच सवय आहे. मला त्याचा राग यायला लागला. आणि मग आमची म्होरकी, पहिलं व्हायोलिन वाजवणारी एमोके, तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी घाबरून मोठ्यांदा म्हणालो, "अरे, काय फरक पडतो? मी बसतो आत. चला, तारा जुळवू या." माझ्या तोंडून हे गेलं आणि वाद संपला.

काय फरक पडतो ते मलाच ठाऊक होतं. माझा डावा कान गेलेला आहे. तीन वर्षं होतील येत्या फेब्रुवारीला. तापातून उठलो, उजव्या कुशीवर झोपलो होतो, उजवा कान उशीत. जाग आली तेव्हा समोर माझं घड्याळ थरथरत होतं, गजर होत असणार, पण खोलीत आवाज म्हणून नव्हता. मी कूस बदलली आणि गजर कानात शिरला. परत तिकडे वळलो, गेला. असं चार-पाच वेळा केलं, वेड लागल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, नस आहे, गेलेली नस परत येत नाही, पण दुसरा कान ठणठणीत आहे, माणूस एका कानावर ऐंशी वर्षं काढतो. काढत असेल. त्या माणसाला चौघांच्या मधोमध बसून तिघांचे श्वास ऐकायचे नसतात. मी व्हायोला वाजवतो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा थोरला भाऊ. व्हायोला डाव्या खांद्यावर असतो, डाव्या कानाला खेटून, बायको कानात सांगते तसा. तेव्हापासून माझाच सूर मला जबड्याच्या हाडातून कळतो, आणि उरलेल्या तिघांचा उजव्या कानातून. चौकडीत बाहेरच्या खुर्चीवर बसलं की डाव्या बाजूला प्रेक्षक येतात आणि तिघं वादक समोर नाहीतर उजवीकडे. म्हणजे मेलेला कान प्रेक्षकांकडे, जिवंत कान आपल्या माणसांकडे. प्रेक्षक खोकतात, त्यांना कशाला ऐकायचं? पण आत बसलं की डावीकडे चेलो येतो. चेलो म्हणजे घराचा पाया, आणि माझा पाया दिसेल पण ऐकू येणार नाही.

बाहेरची खुर्ची मला मिळाली ती निव्वळ नशिबानं, असं मी धरून चाललो होतो. कान गेला तेव्हा मी आतच बसायचो. आठ-नऊ महिने कसे काढले ते माझं मला माहीत. मग एक दिवस बार्नाबाश सरावाला येऊन म्हणाला, मला आत बसू द्या, माझा चेलो लोकांच्या तोंडासमोर हवा. मी मनात म्हटलं, आपमतलबी आहे लेकाचा, आणि देवाचे आभार मानले. बाहेरच्या जागेवर व्हायोलाचं तोंड प्रेक्षकांकडे पाठ करून बसतं. एका वर्तमानपत्रानं लिहिलंही, की या तरुण चौकडीचा व्हायोला भिंतीशी गप्पा मारतो. दुसरं व्हायोलिन वाजवणारी तेक्ला तो कागद घेऊन आली, तिला कुणाचीही फजिती मोठ्यांदा वाचायला आवडते. एमोकेनं तो तिच्या हातातून घेतला, त्याच्यात गजाला लावायच्या राळेचा खडा गुंडाळला, आणि म्हणाली, "त्याला काय कळतंय." संपला विषय. एमोके इतक्या सहज कुणाला सोडत नाही. बार्नाबाशच्या आधी आमच्यात आकोश नावाचा चेलोवाला होता. वाजवायचा सोन्यासारखा, पण प्रत्येक ठिकाणी केसभर उशिरा यायचा. एमोकेनं त्याला दोन ओळींचं पत्र धाडलं. दोन ओळी, त्यातली एक 'तुझी एमोके'. आकोश आता शाळेत शिकवतो, भेटला की विचारतो, "अजून आहेस का तिच्या तावडीत?" मी हसतो. आणि विषय बदलतो, कारण मी केसभर उशिरा येत नसलो तरी मी ऐकूनही येत नाही, बघून येतो. एमोकेचा गज हवेत किती वर गेला, तेक्लाची पापणी कधी मिटली, बार्नाबाशनं पोटात श्वास कधी घेतला. मी तीन वर्षं तिघांना असा न्याहाळत आलोय की त्यांच्या लग्नाच्या माणसांनी त्यांना तेवढं पाहिलं नसेल.

आणि इतर वेळची कसरत वेगळीच. रस्त्यानं चालताना मी कायम डाव्या कडेला, म्हणजे माणसं उजवीकडे येतात. ट्राममध्ये डावी खिडकी. खानावळीत भिंतीकडची खुर्ची, जिच्या डाव्या हाताला कोट टांगायचे खुंटे. मला माझ्या हुशारीचा गर्वच होता. इतक्या लोकांत, इतक्या वेळा, आणि जागा नेहमी बरोबर मिळते, कुणाला संशयसुद्धा नाही! एवढं करूनही कुणी डावीकडून बोललंच तर मी मान हलवतो. हो म्हणायची, समजल्याची, थोडी हसरी मान. माझ्या अंगात त्या मानेइतकं खोटारडं दुसरं काही नाही. 'काय म्हणालास, परत सांग' हे शब्द मी तीन वर्षांत उच्चारले नाहीत. ज्याला खरंच नीट ऐकू येतं त्याला ते परवडतात. मला वाटायचं, एकदा म्हणालो की दुसऱ्यांदा म्हणावं लागेल, आणि तिसऱ्यांदा एमोके मान वाकडी करून माझ्याकडे बघेल. शिवाय एक दुखरी गोष्ट होती, तिची मी मनातसुद्धा उजळणी करायचं टाळायचो. दोन वर्षांपूर्वी एकदा सरावाला लवकर पोचलो. दार लोटलेलं होतं, तिघं आत होती, आणि एमोकेचा आवाज माझ्या चांगल्या कानात स्वच्छ आला, "पण लोरिंत्सचं काय करायचं?" लोरिंत्स म्हणजे मी. पुढं कुणीच काही बोललं नाही, की बोललं ते हळू बोललं, कोण जाणे. मी जिना उतरून खाली गेलो, कोपऱ्यावर दहा मिनिटं उभा राहिलो, आणि शीळ घालत परत वर आलो. तेव्हापासून टपालपेटी उघडताना माझा हात जड होतो. रविवारी खुर्च्या बदलल्या तेव्हा मला वाटलं, आज. आज हे बाहेर पडणार.

अकराची मैफल, पण सव्वाअकरा झाले आम्हाला सुरुवात करायला. वॉर्निशच्या वासानं प्रेक्षकांतल्या दोन बायकांना घेरी आली, त्यांना खिडकीशी बसवण्यात वेळ गेला. सभागृहाला लागूनच, भिंतीला भिंत, चर्चचा मनोरा आहे, आणि बाराच्या घंटेपुढे आमच्या देशात कुणाचं चालत नाही. राजा असो, बँड असो, बाराला घंटा म्हणजे घंटा, तीन मिनिटं. म्हणून तिथल्या रविवारच्या मैफलीत पूर्वार्ध पावणेबाराला संपवतात आणि लोक घंटेच्या वेळी बाहेर उन्हात कॉफी पितात. आम्ही पडद्यामागे रांगेत उभे होतो. एमोकेनं घड्याळ पाहिलं, तेक्लाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, बार्नाबाशच्या कानाशी पुटपुटली, आणि ती निघालीच. बार्नाबाश चेलो सावरत माझ्या डाव्या अंगानं पुढं गेला, जाता जाता माझ्याकडे झुकून काही बोलला. ओठ हललेले दिसले. रंगमंचावर जाताना आम्ही एकमेकांना म्हणतो ते म्हणाला असेल, हातपाय मोडोत तुझे. तो आमचा आशीर्वाद. मी मान हलवली.

खुर्चीवर बसलो तर जग अर्धं झालेलं. आत बसल्यावर दिवेही वेगळे लागतात, समोर लोकांचे चेहरे, पहिल्या रांगेत एक म्हातारा डोळे मिटून तयारच. डावीकडे हातभर अंतरावर बार्नाबाशचा चेलो, त्याची जाड तार थरथरताना मला दिसत होती, आणि ऐकू येत होतं ते समोरच्या भिंतीवर आपटून उजवीकडून परत आलेलं, शिळं. सुरुवातीची दोन पानं मी कशी वाजवली ते विचारू नका. जमिनीत बुटाचा तळ रोवलेला, कारण सळईतून चेलो फळीत उतरतो आणि फळीतून थोडासा माझ्या टाचेत येतो हे मला तिथं कळलं. टाचेनं ऐकायचं! मास्तरांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, गाढवा, टाच तरी सुरात ठेव. मास्तर म्हणजे आम्हा चौघांना एकत्र बसवणारे, आता नाहीत. त्यांनी एक नियम घालून दिला होता, आणि तो आम्ही वाजवायला शिकायच्या आधी शिकलो. एकटा चुकला तर तो गाढव, चौघं एकदम चुकले तर लोक टाळ्या वाजवतात. म्हणजे चुकलेल्याला एकटं सोडायचं नाही. कुणी भलत्या ओळीवर उडी मारली तर तीच ओळ खरी. बरोबर कोण ते घरी गेल्यावर भांडायचं. आमच्या भांडणांत मी कायम एमोकेच्या बाजूनं बोलायचो, कारण भीती.

पूर्वार्धात चार खंडांची एकच रचना होती, आणि तिच्या पहिल्या खंडाचा पूर्वभाग दोनदा वाजवायचा असतो. पहिल्यांदा संपला की परत सुरुवातीला जायचं, आणि त्या वाटेवर नेणारे चार सूर फक्त व्हायोलाचे आहेत. बाकी तिघं तिथं गप्प. दुसऱ्यांदा संपला की मात्र व्हायोला गप्प आणि एमोके एकटी पुढच्या भागात शिरते. पूर्वभाग संपला. मी पहिला सूर लावला आणि त्याच क्षणी दिसलं, एमोकेचा गज वर गेलेला आहे. ती पुढं निघालेली. तेक्लाचं बोट पुढच्या ओळीच्या सुरावर पडलेलं. माझा सूर त्या शांततेत एकटा, उघडा, आणि तो थांबवता येत नाही, कारण गज चालू आहे, आणि मला झटक्यात कळलं की बार्नाबाश आशीर्वाद देत नव्हता. पुनरावृत्ती गाळायची, वेळ नाही, हे सांगत होता. मी मान हलवली होती. दुसरा सूर. तिसरा. आता एमोके तिची जागा घेणार, मी इकडे आणि ते तिकडे, दोनशे माणसांसमोर आम्ही फाटणार, आणि परवा टपालपेटीत दोन ओळी. चौथा सूर. एमोकेचा वर गेलेला गज हवेतच थांबला, वळला, आणि तारेवर उतरला तो सुरुवातीच्या सुरावर. तिघंही माझ्याबरोबर. इतकं स्वच्छ, की ती तिघं त्या चार सुरांची आयुष्यभर वाट बघत होती असं वाटावं. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. तेक्लाच्या ओठाच्या कोपऱ्यात एक हसू येऊन गेलं, ते मी पाहिलं. पण मला त्याचा अर्थ लावायची हिंमत नव्हती.

पुनरावृत्ती चार मिनिटांची. त्या चार मिनिटांची किंमत मला कळत होती, कारण त्या रचनेचा शेवटचा खंड मंद आहे, विरत विरत संपणारा, शेवटचं पान तर असं की प्रेक्षकांनी श्वास सोडला तर तो मोठा वाटावा. एमोकेला ते पान घंटेच्या आधी हवं होतं. मी मधले दोन खंड मान खाली घालून वाजवले. शेवटच्या खंडाला सुरुवात झाली तेव्हा मनोऱ्यावर कबुतरं उडाली, उघड्या खिडकीतून दिसली, आणि मला वाटलं, आता आली. शेवटचं पान उलटलं आणि आली. तिचा पहिला ठोका खिडकीतून शिरला तो खोलीत माणूस शिरावा तसा. मग दुसरी, मोठी घंटा. मग पलीकडच्या टेकडीवरच्या. खालच्या नदीकाठच्या. आमचं वाजणं त्यात साखरेसारखं विरघळून गेलं. तेक्ला गडबडली, तिचा गज थबकला. बार्नाबाशनं डोळे मोठे केले. कुणालाच काही ऐकू येईना, स्वतःचंसुद्धा. आणि माझ्या मनात आलं, हे तर मला येतं! नुसतं येतं नाही, तीन वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. मी मान वर केली. आतल्या खुर्चीवर बसलं की तिघंही एका नजरेत दिसतात. मी श्वास घेतला, दिसेल असा, खांद्यांपासून, आणि गज ओढला. एमोकेनं पाहिलं. ती मैफलीत कधी कुणाच्या मागं गेलेली नाही, तिच्या आईच्याही नाही, पण ती माझ्या गजाकडे बघत माझ्या मागं आली. तेक्ला आली. टाचेत बार्नाबाश आला. घंटेच्या त्या कल्लोळात आम्ही चौघं एकही सूर न ऐकता एकत्र वाजवत होतो, हळू, आणखी हळू, न ऐकू येणाऱ्या गोष्टीला किती हळू करतात ते कुणी सांगावं? शेवटच्या सुराच्या आधी एक विराम आहे. मी गज उचलून धरला आणि थांबलो. घंटा चालूच. थांबलो. एमोकेचे डोळे माझ्यावर. कुणीही हललं नाही, प्रेक्षकही नाहीत, त्यांना कळलं होतं की आम्ही कशाची तरी वाट बघतोय. नदीकाठची बंद झाली, टेकडीवरची बंद झाली, मोठी दोनदा अडखळली आणि थांबली. तिची घरघर मला टाचेत कळत होती. ती पुरती विझली तेव्हा मी गज टेकवला आणि आम्ही तो शेवटचा सूर वाजवला. मला तो अर्ध्या जगातून ऐकू आला आणि पुरेसा होता.

टाळ्या वाजल्या, लोक उभे राहिले, म्हाताऱ्यानं अखेर डोळे उघडले आणि पुसले. आम्ही मागच्या खोलीत आलो. टेबलावर पोगाचांची परात होती, खारे गोल बिस्किटासारखे, अजून गरम. बार्नाबाशनं दोन तोंडात टाकले. मी ठरवलं होतं की पत्र यायच्या आत आपणच बोलायचं. व्हायोला पेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि म्हणालो, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तीन वर्षं. मी तुम्हाला फसवलंय."

कुणी चावायचं थांबलं नाही. "माहीत आहे," बार्नाबाश भरल्या तोंडानं म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"कान. डावा." तेक्ला म्हणाली. "तू काय समजलास, कान तुझा गेलाय म्हणून डोळे आमचे गेले?"

मी खुर्ची ओढून बसलो. एमोके तारांवरची राळ पुसत होती, तिनं वर न बघता सांगितलं. "तू ऐकायचं सोडून बघायला लागलास ना, त्या हिवाळ्यात कळलं. त्याआधी तू कधी आमच्याकडे बघायचास का? कागदात नाक. मी या दोघांना विचारलं, लोरिंत्सचं काय करायचं. तेक्ला म्हणाली, काढ. काढ म्हणजे, खुर्ची काढून बाहेर ठेव. मग बार्नाबाशला सांगितलं, तू आवाजाचं नाटक कर."

"आपमतलबी मी!" बार्नाबाश छाती बडवून म्हणाला. "वर्षभर माझ्याशी घुश्शात होतास. मला आत बसायला आवडत नाही रे, मांड्या आखडतात माझ्या."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता. तीन वर्षं! माझ्या झोपा, माझी टपालपेटी. "मला एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो," एमोके म्हणाली. "महिनाभर. मग सहा महिने. मग आम्हालाच लाज वाटायला लागली की इतके दिवस गप्प कसे बसलो. असं होतं." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि तू आधीपेक्षा चांगला वाजवायला लागला होतास. मी स्वार्थी आहे, हे जगाला ठाऊक आहे."

बार्नाबाशनं हात झटकले आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला. तेव्हा मी ते पहिल्यांदा पाहिलं. तो परातीच्या डाव्या टोकाला होता, माझ्या डावीकडे, आणि बोलायच्या आधी तो टेबलाला वळसा घालून उजवीकडे आला, पाणी प्यायला उठावं तितक्या सहज. "आजची चूक माझी," तो म्हणाला. "दोन वर्षांत पहिल्यांदा डावीकडून बोललो. पट्टा विसरलो, त्या बाईशी भांडलो, डोकं ठिकाणावर नव्हतं. तू मान हलवलीस आणि मी म्हटलं, झालं. तुझी मान कशी हलते हे मला कळायला हवं होतं, लोरिंत्स. माफ कर."

खानावळीतली भिंतीकडची खुर्ची. ट्रामची डावी खिडकी. नदीकाठच्या वाटेवर चौघं चालायचो तेव्हा माझ्यासाठी मोकळी असायची ती कड. तेक्ला गप्पा मारता मारता बुटाची नाडी बांधायला थांबायची आणि उठायची तेव्हा माझ्या उजवीकडे असायची, इतक्या वेळा, की मी एकदा तिला नाडी नसलेले बूट घे म्हणून सुचवलं होतं. माझी हुशारी! एक जागा मी स्वतः मिळवलेली नव्हती. ही तिघं गाढवं माझ्याभोवती तीन वर्षं गुपचूप सरकत होती, आणि मी आपला खुशीत, की कुणाला पत्ता नाही. मला रडू आलं. सरळ सांगतो, पोगाचा हातात धरून हमसून हमसून रडलो. आणि रडताना इतकं हलकं वाटत होतं की मला मधेच हसू फुटलं, खारट पीठ नाकात गेलं, आणि तेक्लानं पाठीत धपाटा घातला. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात, पण ते उतरेपर्यंत आपण किती वाकून चालत होतो ते कळत नाही.

दारात तेर्कामावशी उभ्या होत्या, कॉफीचं तबक हातात, किती वेळ कोण जाणे. त्यांनी तबक आपटलं. "चार शहाणे," त्या म्हणाल्या, "आणि एकाला धड तोंड उघडता येत नाही. मला सकाळी सांगायला काय झालं होतं? मी काय राक्षसीण आहे?" आणि सपाता फटफटत गेल्या. परत आल्या त्या कणीक मळायचा मोठा पाट घेऊन, शेवया कापायचा, सुरीच्या रेघांनी भरलेला. "माझ्या सासूचा आहे. घाल तुझी सळई याच्यावर. पण भोक पाडलंस तर शेवया तूच मळायच्या." उत्तरार्धाला बार्नाबाश त्या पाटावर सळई रोवून आत बसला आणि मी बाहेरच्या खुर्चीवर. डावीकडे लोक खोकत होते म्हणे.

मैफल संपल्यावर टेकडी उतरून आम्ही एमोकेच्या आईकडे जेवायला निघालो, रविवारचं कोंबडीचं सूप तिथंच ठरलेलं. उतारावर दगडी फरसबंदी, ऊन, पाठीवर वाद्यं. पायांच्या सवयीनं मी डाव्या कडेला गेलो, आणि पाहिलं तर तिघं बोलता बोलता, एकमेकांकडे न बघता, उजवीकडे सरकत होती. त्यांच्याही पायांची सवय. मी थांबलो. मग बार्नाबाश आणि तेक्ला यांच्या बरोबर मधे घुसलो आणि मधोमध चालायला लागलो. बार्नाबाश गोंधळला, कोणीकडे जावं त्याला कळेना. तेक्ला माझ्या डावीकडे राहिली होती. ती काहीतरी म्हणाली, मला तिचे हलणारे ओठ दिसले, आणि माझी मान नेहमीप्रमाणे हलायला निघाली. मी ती अर्ध्यावर धरली.

"काय म्हणालीस?" मी म्हणालो. "ऐकू नाही आलं. परत सांग."

तेक्ला थांबली. एमोकेही पुढं जाऊन थांबली. तेक्लानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं, आणि तोंडाशी हातांचा कर्णा करून सगळ्या बुडाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "म्हटलं पाय उचल, बहिऱ्या, सूप निवतंय!"